वाघमोडे मामांचे एकोणीस नमस्कार

वाघमोडे मामा रोज सकाळी सहा चाळीसला दूध आणायला निघतात आणि गल्लीच्या टोकापर्यंतच्या दोनशे चौदा पावलांत एकोणीस माणसांना पाच भाषांत नमस्कार करतात. हे आकडे मी स्वतः मोजलेले आहेत. पावलं तर दोनदा मोजावी लागली, कारण पहिल्या खेपेला मामा मध्येच मागे वळले. एक माणूस राहिला होता.

मामा सोलापूरला एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षं नोकरी. कधी अक्कलकोटची गाडी, कधी वैरागची. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. मामी नऊ वर्षांपूर्वी गेल्या. एकच मुलगी, ती कुर्डुवाडीला, जावई रेल्वेत.

समोरच्या यंत्रमागवाल्या अक्कांना "बागुन्नारा, अक्का?" फळांच्या गाडीवरच्या अक्कलकोटच्या बाईंना कानडीत "आराम अदीरी?" शिंपीकाम करणाऱ्या रहीमभाईंना "सलाम आलेकुम, खैरियत?" पुढे कुणाला राम राम, कुणाला जय भीम, कुणाला लिंगायतांचं 'शरणार्थी'. यातली एकही परभाषा मामांना नमस्काराच्या पलीकडे येत नाही. अक्का उत्तरादाखल तेलुगूत मुलाच्या लग्नाची सगळी हकीकत सांगतात, आणि मामा तिसऱ्या वाक्यापासून नुसतं "व्हय, व्हय" करतात.

"मामा, काही कळतं का त्यातलं?" मी एकदा विचारलं.

"कळायचं काय त्यात? माणूस बरं हाय, येवडं कळतंय. दोन माणसं चढायच्या मदी कंडक्टरला येवडाच येळ असतोय, सायेब."

मागे कोपऱ्यावरच्या खोलीत एक तरुण भाडेकरू आला. कानात सदा गाणी. मामांनी आठ दिवस त्याच्यावर रोज एक याप्रमाणे आठ वेगवेगळे नमस्कार करून पाहिले. नवव्या दिवशी त्याने कानातलं काढलं आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, अंकल." मामा खूश होऊन माझ्याकडे आले. "इंग्लिश निगालं की. आदी सांगायचं न्हाय का?" पोरगा मूळचा वैरागचा होता.

मी शाळेत कारकून आहे. हजेरी, पटसंख्या, सरासरी, यात माझा दिवस जातो. मला मामा सकाळी विचारत, "काय सायेब, झाला का च्या?" सुरुवातीचे काही महिने मी खरं उत्तर देत असे, "नाही, अजून सात मिनिटं आहेत." मामा तेही मान डोलावून ऐकून घेत.

माझा आक्षेप संध्याकाळच्या प्रश्नाला होता. मी पाच पन्नासला घरी येतो. मामा पायरीवर बसलेले असतात आणि मी फाटकात पाय ठेवला की विचारतात, "आला का, सायेब?" समोर उभा असलेला माणूस आला आहे, हे उघड आहे. एके दिवशी मी म्हटलंच, "मामा, मी आलोय हे तुम्हाला दिसतंय. मग विचारता कशाला?"

"न दिसता इचारत्यात त्याला चौकशी म्हणत्यात," मामा म्हणाले. "दिसलं म्हणून तर इचारायचं."

आतून माझी बायको, सुनंदा, हसल्याचा आवाज आला.

मग मामांचा आवाज बसला. पंधरा दिवस गेले, महिना गेला. सलाम आलेकुम खरखरत निघायला लागलं. रहीमभाईच म्हणाले, "मामू, ये सर्दी नक्को समझो. डाक्टर को दिखाव." डॉक्टरांना घशात गाठ दिसली. ती काढायची, तपासायला पाठवायची, आणि पुढे पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मामा पिशवी भरून आमच्याकडे किल्ली ठेवायला आले.

"सायेब, वंगाळ निगालं तर आवाज काडून टाकत्यात म्हणं."

"निघाल्यावर बघू. अजून तपासणी झालेली नाही," मी म्हणालो. मला एवढंच सुचलं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि मामांपुढे चहा ठेवला.

मामांनी बशीत चहा ओतला. "आमच्याकडं नमस्कार-बिमस्कार कुटला? दिवस मावळायला मेंढरं घिऊन आलो की आई मेंढवाड्याच्या तोंडाशी उभी. मेंढरं मोजायची, आन् शेवटाला मला इचारायची, आलास व्हय रं? मग हितं सोलापुरात मंडळी. ड्यूटीवरनं आलो की भाकरी थापता थापता, आलासा व्हय?" त्यांनी बशी रिकामी केली. "मेंढरं मोजून झाली तरी माणसाला इचारावं लागतंय, सायेब. त्याबिगर आल्यावानी वाटत न्हाय."

किल्ली ठेवून ते गेले. मी हिशेब केला. नऊ वर्षं, दिवसाला एकदा धरलं तरी तीन हजारांच्या वर संध्याकाळी मामा कुलूप काढून आत गेले होते. त्यातल्या बऱ्याच संध्याकाळी मी भिंतीपलीकडे होतो.

ऑपरेशन झालं. मुलीने चार दिवस राहून, सगळं समजावून, "बाबा, बोलायचं न्हाय, अजिबात न्हाय," असं बजावून कुर्डुवाडी गाठली. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला मामा बाहेर पडले ते तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा हातात घेऊन. तो त्यांनी जुन्या बाजारातून विकत घेतलेला आहे, महामंडळाचा नाही. ही खात्री मी पूर्वीच करून घेतली होती. अक्का दिसल्या, टक टक. रहीमभाई दिसले, टक टक. एसटीत दोन घंटा म्हणजे गाडी सोडा आणि एक घंटा म्हणजे थांबवा. गल्लीभर माणसं त्या टक टकवर पुढे सरकायला लागली. मात्र आता सुरुवात त्यांना करावी लागे. अक्का वरच्या खिडकीतून ओरडायच्या, "बागुन्नारा, मामा?" भाडेकरू पोरगा तर राम राम म्हणाला.

दहाव्या दिवशी रिपोर्ट मिळायचा होता. किल्ली आमच्याकडे ठेवून मामा एकटेच गेले. मुलीला कळवू नका, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं होतं. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सहा वर्षांतली पहिली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं.

चारला मी फाटकात उभा राहिलो. शेजारी सुनंदा. गल्लीत अठरा रिक्षा येऊन गेल्या. काय विचारायचं ते मी मनात तयार ठेवलं होतं : रिपोर्ट मिळाला का, त्यात काय लिहिलंय, पुढची तारीख कोणती. एकोणिसाव्या रिक्षेतून मामा उतरले. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात चिमटा. ते मान खाली घालून चालत आले, त्यामुळे चेहऱ्यावरून काहीच कळेना. ते माझ्यापुढे येऊन थांबले.

आणि माझ्या तोंडून निघालं, "आलात का, मामा?"

मामांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी कागद दोनदा वाचला. निष्कर्षाची ओळ तीनदा. गाठ साधी होती. कर्करोग नाही. मी ती ओळ सुनंदाला मोठ्याने वाचून दाखवली. तिने डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला आत गेली.

मामांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी कुलूप काढलं, दार लोटलं. मी वळलो, कारण शाळेत तासाभरासाठी तरी पोचता आलं असतं.

मागून चिमट्याचा आवाज आला. टक. मी दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा आला नाही.

मी थांबलो. चपला काढल्या आणि मामांच्या मागोमाग आत गेलो.