विधेयकाचा उत्तररंग

पुराणात आईबापांना टाकून देणारा मुलगा काही सापडेना, म्हणून त्र्यंबकराव सकाळपासून हॉलमध्ये नुसत्या येरझारा घालत होते. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, कानावर पेन्सिल, आणि ओठांवर मधूनच एखादी अर्धीमुर्धी ओवी. चेन्नईतल्या तिरुवान्मियूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एवढ्या येरझारा घालायला जागा नव्हती. दर चौथ्या पावलाला ते जयवंतीबाईंच्या भाजीच्या परातीला वळसा घालत.

"श्रावणबाळ घ्या की," शेंगा मोडता मोडता जयवंतीबाई म्हणाल्या.

"अगं, तो कावडीतून नेणारा! मला सोडून देणारा हवाय. विधेयक परित्यागाचं आहे."

"मग कंस घ्या. बापाला तुरुंगात टाकलं त्यानं."

त्र्यंबकराव क्षणभर थांबले. आवडी गावच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी विधी विभागात कारकुनी केली होती. कंसालासुद्धा ते न्याय दिल्याशिवाय सोडणार नव्हते. "नाही बसत," मान हलवत ते म्हणाले. "कंसानं कोंडून ठेवलं. कोंडून ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. त्याला वेगळं कलम लागेल."

झालं होतं असं, की दोन हजार सात सालच्या त्या मार्चमध्ये आईबापांच्या नि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचं विधेयक संसदेत मांडलं गेलं. मराठी मंडळाच्या मासिक पत्रकात 'कायदा सोप्या भाषेत' हे सदर त्र्यंबकराव चालवत असत, आणि ते सोपं करण्याच्या भरात मूळ कायद्याहून दीडपट लांब होत असे. वाचक म्हणून आजवर फक्त मुद्रितं तपासणाऱ्यानं पत्र पाठवलं होतं, आणि तेही पानं वाढल्याच्या तक्रारीचं. पण यंदा योग चालून आला. रामनवमीच्या उत्सवाला तंजावरहून यायचे बुवा आजारी पडले आणि कीर्तनाला त्र्यंबकरावांनी उभं राहावं असं ठरलं. कीर्तन हा तर त्यांचा लहानपणापासूनचा प्राण. चिपळ्यांचा आवाज ऐकला की त्यांना ताप उतरल्यासारखं वाटे. त्यांनी मनाशी पक्कं केलं, पूर्वरंगात रामाची पितृभक्ती, उत्तररंगात विधेयक. शेजारच्या राजसबाईंना कळेल इतकं सोपं.

"अहो, कलमं कोणाला कळत नाहीत," शेंगांची परात उचलत जयवंतीबाई म्हणाल्या. "घरातलं सांगा. घरातलं सगळ्यांना कळतं."

आणि तिथंच घात झाला.

मंगळवारी संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला. तिसऱ्या रांगेत बाळकृष्णपंत किंजवडेकर, त्यांच्या पत्नी विद्युलताबाई आणि मुलगी क्षमा बसली होती. पंत रेल्वेतून निवृत्त झालेले. क्षमा बँकेत अधिकारी. त्र्यंबकरावांचा मुलगा दर्शन आणि क्षमा दोनदा भेटले होते, दोघांनाही पसंत होतं. शनिवारी पंत अखेरचा होकार द्यायला घरी येणार होते. दर्शन शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, त्यामुळे कीर्तनाला तो नव्हता. तो असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मग ही गोष्टही नसती.

पूर्वरंग सुरेख झाला. बुक्का लागला, हार पडला, आणि त्र्यंबकराव उत्तररंगात शिरले.

"ज्यांनी दिला घास, त्यांना द्यावे अन्न ।
कायद्याचे मन, जाणा ऐसे ॥
टाकी मायबाप, करी निराधार ।
त्यासी कारागार, तीन मास ॥"

लोकांनी झांजा धरल्या. त्र्यंबकरावांनी झब्बा सावरला, आवाज खाली आणला आणि एका म्हाताऱ्याची कथा सुरू केली. आता आख्यानात शिरलेला कीर्तनकार 'तो म्हातारा म्हणाला' असं कुठवर म्हणेल? द्रौपदी सांगताना तो द्रौपदी होतो, सुदामा सांगताना सुदामा. त्र्यंबकराव म्हातारा झाले.

"श्रोते हो, मी कुठं झोपतो? बाल्कनीत! एका दोरीच्या खाटेवर! घरात गारगार हवेची यंत्रं आहेत, पण ती कोणासाठी? मुलासाठी! तो सकाळी सहाला कंपनीच्या बसनं जातो, मी उठतो तेव्हा त्याची खोली रिकामी. नाष्ट्याला काय? कालचा दहीभात! दुपारी फोन येतो, 'जेवलात का?' दोन शब्द, देवा, दिवसाचे दोन शब्द!"

हे अक्षरश: खरं होतं. बाल्कनीत समुद्राचा वारा येतो म्हणून त्र्यंबकरावच तिथून हलत नसत, एसीनं त्यांचे गुडघे धरत, आणि शिळा दहीभात हा त्यांचा जीव की प्राण होता. पण आख्यानात कारणं सांगत बसलं तर रस जातो.

शेवटी म्हातारा न्यायाधिकरणापुढं उभा राहिला. मुलाला शिक्षा होणार, इतक्यात तो हात जोडतो. त्र्यंबकरावांनी उपरण्याचा पदर डोळ्यांना लावला. "साहेब, माझा मुलगा चांगला आहे हो! मीच बाल्कनी मागून घेतली. त्याला काही करू नका!"

हॉलमध्ये हुंदके फुटले. राजसबाई तर भिंतीला टेकून रडत होत्या. त्र्यंबकराव घरी आले ते तरंगतच. "जयवंती, पहिल्यांदा लोकांना कायदा कळला गं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर थाप पडली. राजसबाई उभ्या होत्या, हातात तीन पुडांचा डबा. त्यांचं घराणं तीनशे वर्षांमागं तंजावरला आलेलं. त्यांची मराठी त्याच काळातली, मधूनमधून तमिळची फोडणी.

"अय्यो, त्र्यंबकराव! इतकं सोसलंत, मला काय मणून सांगितलं नाही? गरम पोंगल आहे, बसा, माझ्यासमोर जेवा."

"राजसबाई, ते आख्यान होतं!"

"हो हो, आख्यान," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "समजलं मला. जेवा तुमी."

"खरंच सांगतो, माझा मुलगा चांगला आहे हो!"

एवढं ऐकलं मात्र, राजसबाईंचा बांध फुटला. "हेच! हेच काल मणालात! अय्यो, देवा, बापाचं काळीज!"

त्र्यंबकरावांच्या हातातला घास तिथंच राहिला. आपण कसल्या विहिरीत उतरलो आहोत हे त्यांना कळलं. ज्या वाक्याचा दोर धरून बाहेर यायचं, तो दोर त्यांनीच काल सर्वांदेखत कापून टाकला होता.

संध्याकाळी लिफ्टपाशी सोसायटीचे सचिव नारायणस्वामी यांनी दर्शनला गाठलं. त्यांना मराठी येत नव्हती. राजसबाईंनी तमिळमध्ये सगळं कीर्तन पुन्हा सांगितलं होतं, रडण्यासकट.

"दर्शन, माझे अप्पासुद्धा कटकटे होते," खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. "मला समजतं. पण बाल्कनी? नो, तंबी, धाकट्या भावासारखा आहेस म्हणून सांगतो, बाल्कनी नो."

"अंकल, त्यांनाच तिथं आवडतं!"

"सगळी मुलं हेच म्हणतात. तीन महिने जेल आहे आता. बी केअरफुल."

दर्शन वर आला तो चप्पल न काढताच. "बाबा, तुम्ही माझ्याबद्दल काय सांगितलंत गावाला?"

"तुझ्याबद्दल काहीच नाही रे! मी कायदा सोपा केला."

"सोपा? वॉचमननं मला आज सलाम नाही केला! खालच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, अप्पांचे कपडे का देत नाही म्हणून!"

"मी धोतर इस्त्री करत नाही, हे त्याला ठाऊक आहे."

"हे तुम्ही त्याला सांगा!"

गुरुवारी राजसबाई मंडळाच्या चार बायकांना घेऊन रिक्षातून उतरल्या. रिक्षाच्या टपावर कापसाची गादी बांधलेली. मंडळाची भेट! जिन्यातून गादी वर चढताना प्रत्येक मजल्यावर दार उघडलं आणि प्रत्येक दाराला राजसबाईंनी कारण सांगितलं. आणि गादी दारातून आत येत असतानाच फोन वाजला. बाळकृष्णपंत होते.

"त्र्यंबकराव, शनिवारचं जरा राहू द्या. आम्हाला विचार करावा लागेल. एकुलती एक मुलगी आहे आमची. जो मुलगा जन्मदात्याला…" वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. "बाकी कीर्तन उत्तम झालं हो."

फोन ठेवून त्र्यंबकराव गादीवरच बसले. दर्शन समोर उभा होता. तो आता चिडलाही नव्हता, नुसता बघत होता, आणि तेच त्यांना सोसेना. एकतिसाव्या वर्षी पोराला एक मुलगी मनापासून आवडली होती, आणि बापानं चिपळ्या वाजवून ते मोडलं होतं.

"दर्शन," ते उठले, "रामरायाची शपथ, शनिवारच्या आत हे निस्तरतो."

निश्चय दांडगा होता, उपायही दांडगे निघाले. आधी त्यांनी मंडळाच्या फळ्यावर खुलासा लावला: 'कीर्तनातील बाप काल्पनिक असून सदर विधेयक अद्याप मंजूर झालेले नाही.' लोकांनी वाचलं आणि एकमेकांना म्हणाले, बघा, बिचाऱ्याला कायद्याचाही आधार नाही अजून. मग त्यांनी सात जणांना फोन केले. सातही जण गप्प ऐकून शेवटी म्हणाले, "मुलगा शेजारी उभा आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हणा." तेव्हा त्यांनी हुकमी पान काढलं: खाट आत. गुरुवारी आणि शुक्रवारी ते दर्शनच्या खोलीत, एसीखाली, नव्या गादीवर झोपले आणि पडदे उघडे ठेवले, म्हणजे समोरच्या इमारतीलाही दिसावं.

शनिवारी सकाळी त्यांनी रामरक्षा म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आवाज साफ बसला होता. नाक लाल, डोळ्यांतून धार.

राजसबाईंनी दारातूनच पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "रडून रडून आवाज गेला मणजे!"

त्र्यंबकरावांनी दोन्ही हात हलवून 'नाही' सांगितलं. त्या आणखी रडल्या.

चारच्या सुमाराला घंटा वाजली. जयवंतीबाईंनी दार उघडलं तर क्षमा उभी! मागं विद्युलताबाई, आणि त्यांच्याही मागं, आणून सोडल्यासारखे बाळकृष्णपंत.

"काकू, न सांगता आलो," क्षमा म्हणाली. "मी बाबांना म्हटलं, ऐकीव गोष्टीवर आम्ही बँकेत कर्जसुद्धा नाकारत नाही. जागेवर जाऊन बघतो."

पंतांनी जागा पाहिली. बाल्कनीत खाट नव्हती. खोलीत गादी होती. गादीजवळ काढ्याचा पेला, आणि पेला भरून देणारा दर्शन. त्यानं सोमवारचीही रजा टाकली होती. वाफेच्या भांड्यावर बापाचं डोकं धरून तो "बाबा, अजून पाच मिनिटं, चालूगिरी नाही" म्हणत होता, आणि टॉवेलाखालून त्र्यंबकराव त्याला खुणेनं शिव्या घालत होते.

पंत बराच वेळ बघत राहिले. मग जयवंतीबाईंना हळूच म्हणाले, "असं पोरावर डाफरणारा बाप काही छळलेला दिसत नाही."

"चाळीस वर्षं मीही तेच सांगतेय, छळ उलट बाजूनं आहे म्हणून," जयवंतीबाई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

"चहा नको." पंत ताठ झाले. "मुलगी द्यायची त्या घरचं पाणी आम्ही घेत नाही. पद्धत आहे आमची."

क्षमानं सुस्कारा टाकला. मग ती खुर्ची ओढून थेट त्र्यंबकरावांसमोर बसली. "काका, माझं काम खरं याच्यापुढंच आहे. दर्शन पसंत असूनही मी पक्कं हो म्हटलं नाही ते याच पद्धतीपायी. उद्या बाबांचं वय झालं, तर ते माझ्या घरी पाऊल टाकणार नाहीत. कीर्तनभर मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, ती तुम्ही सांगितलीच नाहीत. त्या विधेयकात मुलगी येते का हो?"

त्र्यंबकरावांचे डोळे चमकले. त्यांनी तोंड उघडलं, हवा गेली. मग कानावरची पेन्सिल काढली, मंडळाच्या पत्रकाची कोरी बाजू घेतली. उभ्या आयुष्यात त्यांनी कायदा इतका थोडक्यात कधी लिहिला नव्हता; पण घसा धरलेला माणूस पाल्हाळ कुठून आणणार? क्षमानं कागद मोठ्यानं वाचला:

"आईबापांना सांभाळायचं ते मुलांनी. मुलं म्हणजे मुलगा आणि मुलगी. दोघंही."

विद्युलताबाईंनी कागद मागून घेतला, स्वत: एकदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. नंतर जयवंतीबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "मला चहा चालेल. साखर कमी."

"विद्युलता!" पंत म्हणाले.

"तुमची पद्धत तुम्ही पाळा. मला तहान लागलीये."

पंत एकटे पडले. त्यांनी दर्शनकडे पाहिलं, क्षमाकडे पाहिलं, देव्हाऱ्यातल्या रामाकडे पाहिलं. तिकडूनही काही मदत येईना.

जयवंतीबाईंनी ट्रे त्यांच्यापुढं धरला. "घ्या हो. लग्न कुठं झालंय अजून? आज तरी हे लेकीचं घर नाही, नुसतं ओळखीच्यांचं आहे."

पंतांनी जन्मभर रेल्वेचे नियम वाचले होते. नियमातली फट त्यांना लगेच दिसली. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप रिकामा करून बशीत ठेवला. क्षमानं न विचारता तो पुन्हा भरला. तोही संपला.

तिसऱ्या कपाला त्यांनी दर्शनला जवळ बोलावलं.

"जावईबापू, मुहूर्त दोन महिन्यांनंतरचा धरू."

दर्शनचा चेहरा उतरला. "इतक्या उशिराचा? का?"

"घाई करू नका. तोवर मी रोज चारला येत जाईन," कपातली साय बोटानं बाजूला सारत बाळकृष्णपंत म्हणाले. "लेकीच्या घरचा चहा प्यायची सवय व्हायला वेळ लागतो हो."