उत्तय्याचे मौन शिबिर

काव्याने फक्त चार ओळी ठेवल्या, त्यावरून उत्तय्या बिघडला.

विराजपेटजवळच्या आपल्या कॉफीच्या मळ्यात त्याने आणि त्याची बायको देचम्माने घरामागच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी सजवल्या होत्या. सुरुवातीला पाहुणे येत असत. मग मोठ्या रस्त्याला लागून एकेक रिसॉर्ट उभे राहिले आणि पाहुण्यांच्या गाड्या तिकडेच वळू लागल्या. हाही हंगाम कोरडा गेला तर खोल्यांना कुलूप घालायचे आणि हौसेने घेतलेली मोठी पातेली बहिणीला देऊन टाकायची, असे देचम्माने मनाशी ठरवून टाकले होते. शेवटचा उपाय म्हणून वेबसाइट करायची ठरली. विराजपेटमध्ये बँकेच्या वरच्या मजल्यावर वेबसाइट करून देणारी काव्या बसायची. तिने घराविषयी थोडेसे लिहून आणायला सांगितले.

उत्तय्या हा बोलका माणूस होता. पोस्टमन त्याच्या घरचे टपाल फाटकाला खोचायचा आणि सायकलवर उभा राहून पेडल मारायचा, इतका बोलका. थोडेसे म्हणून त्याने चाळीस पाने लिहिली. त्यात पणजोबांच्या हातून निसटलेला वाघ होता, मिरीचा वेल कोणत्या झाडावर चढवावा याचा ऊहापोह होता आणि घराच्या कौलांवरून दोन काकांत झालेले भांडण दोन्ही बाजूंनी दिलेले होते. काव्याने या सगळ्याच्या चार ओळी केल्या.

"अंकल, एवढं कोण वाचणार? लोक फोटो बघतात आणि फोन नंबर शोधतात."

"ज्याला माझ्या घरात राहायचंय, त्याला माझं घर कळायला नको?"

काव्या म्हणाली की घर कळायला ते इथे येतीलच. उत्तय्याने पाने उचलली आणि घरी येऊन जाहीर केले की वेबसाइट आता मीच करणार. शेजारच्या मळ्यातल्या पूणच्चाने त्याला सांगितलेच होते की आजकाल आयते साचे मिळतात, आपण फक्त नाव आणि फोटो बदलायचे.

मग उत्तय्या व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसला. धुक्यातल्या डोंगरांचा एक सुरेख साचा त्याला सापडला. वर घराचे नाव टाकले, खाली चाळीसच्या चाळीस पाने ओतली. साच्यात एका जागी मांडी घालून बसलेल्या टकल्या परदेशी माणसाचा फोटो होता. तिथे त्याने स्वतःचा टाकला, पुतण्याच्या लग्नातला: अंगात काळा कुप्या, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा पारंपरिक झगा, कमरेला लाल शेला आणि त्यात खोवलेली चांदीच्या मुठीची कट्यार. फोटोखाली फिकट राखाडी रंगात बारीक इंग्रजी अक्षरे होती. पडद्याच्या कापडावर असतात तशी ही नक्षी असावी, असे वाटून ती त्याने राहू दिली. पुढची पाने उघडलीच नाहीत. पहिल्याच पानावर त्याचा इतका जीव जडला होता की तेच तो पुन्हा पुन्हा वाचत असे.

आणि खरोखरच बंगळूरहून बुकिंग आले. तिन्ही खोल्या, तीन दिवस. उत्तय्या मुद्दाम बँकेचा जिना चढून काव्याला ही बातमी देऊन आला.

पाहुणे आले त्या सकाळी मळ्यात कॉफी फुलली होती आणि घरात पंदी करी शिजत होती. डुकराच्या मांसाचा काळा, आंबट, तिखट रस्सा देचम्माच्या हातचा असला की वाटेवरचा माणूस थांबायचा. उत्तय्या फाटकात उभा होता. कोणत्या गोष्टीने सुरुवात करायची तेही ठरले होते, वाघाने. गाडीतून पांढऱ्या कपड्यांतली माणसे उतरली. पुढे मालिनी शेणॉय नावाच्या एक उंच बाई होत्या. बुकिंग त्यांच्याच नावावर होते. उत्तय्याने तोंड उघडले. मालिनीबाईंनी ओठांवर बोट ठेवले, हात जोडले आणि त्याच्यापुढे कमरेत वाकल्या. मागची सगळी माणसेही वाकली. कोणी एक अक्षर बोलले नाही.

पाहुणे खोल्यांत गेल्यावर देचम्माने फोनवर ती वेबसाइट पहिल्यांदाच नीट उघडली आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून दार लावून घेतले. तिसऱ्या पानावर साच्यातला मजकूर जसाच्या तसा होता. तीन दिवसांचे मौन शिबिर. फाटकाच्या आत कोणीही बोलणार नाही. जेवण शाकाहारी. पहाटे घंटा, मग मार्गदर्शकांच्या मागून संथ चालणे. अखेरच्या सकाळी मार्गदर्शक आपले मौन सोडून एकच वाक्य उच्चारतील. आणि कट्यारवाल्या फोटोखालच्या नक्षीत लिहिले होते की यांनी हिमालयात बारा वर्षे मौन पाळले असून अगदी गरज पडली तरच बोलतात.

"हे तुम्ही लिहिलंत?" देचम्माने दबक्या आवाजात विचारले.

"मी कुठे? ते आधीपासूनच होतं."

"मग पुसलं का नाहीत?"

"मला वाटलं नक्षी आहे."

आत्ता जाऊन खरे काय ते सांगून टाकतो, असे म्हणून उत्तय्या दाराकडे वळला. देचम्मा आडवी आली. इतक्या दिवसांनी घर माणसांनी भरले होते, आणि तिला ते भरलेले हवे होते.

"तुम्ही खरं सांगायला बसलात की जेवणं गार होतील. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं आहे."

"तीन दिवस?"

"मी इतकी वर्षं ऐकलंय. तुम्ही तीन दिवस ऐका."

पंदी करीचे पातेले तिने मागच्या दाराने पूणच्चाकडे पाठवून दिले आणि भाजी चिरायला घेतली.

दुपारी पूणच्चा रिकामे पातेले घेऊन आला. उत्तय्या व्हरांड्यात बसला होता आणि समोर अंगणात पाहुणे डोळे मिटून बसले होते. पूणच्चाने विचारले, काय रे, करी कशी काय पाठवलीस? उत्तय्याने हात हलवला. पूणच्चाने विचारले, बरं नाही का? उत्तय्याने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळले नाही. ज्या माणसाने भरलेले पातेले घराबाहेर जाऊ दिले आणि वर साध्या प्रश्नाला अर्धा तास उत्तर दिले नाही, त्याला झटका आल्याखेरीज असे होणार नाही, एवढे पूणच्चाला पक्के ठाऊक होते. तो घाईघाईने गेला. तासाभरात डॉक्टर आले, चुलत भाऊ आले, मामी आल्या. डॉक्टरांनी उत्तय्याचा रक्तदाब पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली, उजवा हात वर करायला लावला. उत्तय्याने हात वर केला. अंगणातल्या पाहुण्यांनी डोळे किलकिले करून ते पाहिले आणि आपापला उजवा हात वर केला.

देचम्माने सगळ्यांना कोठीच्या खोलीत नेऊन खरी गोष्ट सांगितली आणि आता घरी जा म्हणाली. गोष्ट ऐकून मात्र कोणीच घरी जाईना. उत्तय्या गप्प आहे, हे पाहायला पंचक्रोशीतले लोक दुसऱ्या दिवशी आपणहून आले. जुने मित्र आले. एकदा त्याच्या तावडीत सापडून ज्यांची बस चुकली होती, तेही आले. कोणी घरून खुर्ची आणली. येणारा प्रत्येक जण हसू येऊ नये म्हणून ओठ घट्ट मिटून मान खाली घालून बसत होता. मालिनीबाईंना वाटले, केवढी ही श्रद्धा. त्या आपली जागा सोडून मागे, गावकऱ्यांमध्ये जाऊन बसल्या.

पहाटेच्या संथ चालण्यात उत्तय्या पुढे असे. सवयीप्रमाणे तो मध्येच थांबून कॉफीच्या एखाद्या खोडाला खोडकिड्याने पाडलेले भोक वाकून पाही. मागून येणारे पाहुणेही एकेक करून वाकत, त्या भोकात खोलवर पाहत आणि सुस्कारा सोडून पुढे जात. त्यांतले एक जाडसर गृहस्थ दुसऱ्या संध्याकाळी अचानक दिसेनासे झाले. ते पूणच्चाच्या स्वयंपाकघरात सापडले, उरलेल्या करीच्या भांड्यासमोर. त्यांनी आपले मौन शेवटपर्यंत मोडले नाही. दुसरी वाढही बोटानेच मागितली.

हाल झाले ते उत्तय्याचे. पहिल्या दिवशी शब्द त्याच्या घशाशी येऊन धडका देत होते. एकदा तर गोठ्यात जाऊन तो गाईला वाघाची गोष्ट सांगू लागला, पण गाईमागून एक पाहुण्या बाई निघाल्या. दुसऱ्या दिवशी तो नुसताच बसून राहिला. आणि बसल्या बसल्या त्याला काहीतरी ऐकू येऊ लागले. स्वयंपाकघरातून येत होते, हलकेच, मध्येच तुटून पुन्हा सुरू होणारे. आधी त्याला रेडिओ वाटला. तो उठून खिडकीशी गेला. देचम्मा तांदळाच्या उकडीचे गोळे वळत होती आणि गात होती. तिच्या माहेरच्या बाजूचे सुगीचे गाणे होते ते. तिचा सूर चांगला होता. उत्तय्या खिडकीबाहेर उभाच राहिला. तिसऱ्या दिवशी चहाची वेळ झाल्यावर तो स्वतःहून तिथे जाऊन उभा राहिला.

अखेरच्या सकाळी अंगण भरले. पुढे पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे, मागे गावकरी. आता हा धरण फोडणार, अशी पूणच्चाची खात्री होती. त्याने घरी उशीर होईल म्हणून सांगून ठेवले होते. देचम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि हा एका वाक्यावर थांबेल अशी तिला काडीची आशा नव्हती. उत्तय्या उठला, त्याने घसा खाकरला. तो सगळ्यांकडे पाहून झाल्यावर दाराकडे पाहू लागला.

"माझी बायको काम करताना गाते, हे मला माहीत नव्हतं."

एवढे बोलून तो खाली बसला. मालिनीबाईंनी पदराने डोळे टिपले. जाडसर गृहस्थ हुंदका देऊन रडले.

"आम्हा सगळ्यांना माहीत होतं," मागून पूणच्चा म्हणाला.

देचम्मा चौकटीतून कधीच आत निघून गेली होती. त्या दिवशी स्वयंपाकघरातून भांड्यांचाच काय तो आवाज आला, आणि तोही बराच वेळ.

पाहुणे गेले, त्यांनी ठिकठिकाणी भरभरून लिहिले आणि फोन सुरू झाले. उत्तय्या फोनवर प्रत्येकाला खरे काय ते समजावू लागला की त्यातले निम्मे जण फोन ठेवून देत. तेव्हा देचम्मा म्हणाली, नीट वेबसाइट करून घ्या. मग एके दिवशी उत्तय्या पुन्हा बँकेचा जिना चढला. काव्याने मागचे काही काढले नाही, फक्त खुर्ची पुढे सरकवली. त्याने सांगितले की चाळीस पाने काढून टाक, तुझ्या चार ओळी घाल. फोटोखालची नक्षी पूस. आणि ते मौनाचे पान तेवढे राहू दे.

"ते राहणारच आहे," काव्या म्हणाली. "आंटींचा सकाळीच फोन आला होता. पण त्या म्हणाल्या, तीनऐवजी सात दिवस कर."

उत्तय्याने खुर्ची पुढे ओढली आणि घसा खाकरला. काव्याने हातातले काम बाजूला ठेवले आणि ऐकायला सरसावून बसली.

"सात नको गं. पाच कर," तो म्हणाला.

काव्याने पडदा त्याच्याकडे वळवला. पान तयार होते आणि त्यावर पाच दिवसच लिहिलेले होते. सात म्हणून सांग, म्हणजे ते पाचावर येतील, असे देचम्माने फोनवर बजावले होते.