पन्नास गोळ्या आणि बिडाचा तवा

पिस्तूल घ्यायचं मी ठरवलं ते कोणाला मारायला नव्हे, बायकोला गप्प करायला. (हे वाक्य पोलिसांपुढे जसंच्या तसं म्हणू नये, एवढी अक्कल मला आहे.)

त्याचं असं झालं. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात गेली एकतीस वर्षं मी व्हॅक्यूम क्लीनर आणि शिलाई मशीन विकतो आणि दुरुस्तही करतो. शाळा अर्ध्यावर सोडली. जे काही शिकलो ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून. मागच्या ऑगस्टात दुकानाचं मागचं दार फोडून चोर शिरले. सकाळी जाऊन बघतो तर कॉफीचं मशीन नाही, गल्ल्याजवळची चॉकलेटची बरणी नाही, भिंतीवरचं हरणाचं मुंडकं नाही. व्हॅक्यूम क्लीनर मात्र बेचाळीस होते, ते बेचाळीसच्या बेचाळीस जागेवर. एक तर त्यांच्या वाटेत आला असावा, तो उचलून नीट बाजूला ठेवला होता. आपला माल फुकटातसुद्धा कोणी नेत नाही! चोरीपेक्षा मला तेच जास्त लागलं.

नेल्डाला, म्हणजे माझ्या बायकोला, वेगळंच लागलं. दर गुरुवारी मी घरोघर दुरुस्तीला जातो आणि दुकानात ती एकटी बसते.

"दाराची घंटा वाजली की मी आधी कात्री शोधते, व्हर्लिन," ती न्याहारीच्या टेबलावर म्हणाली. "विकून टाकू या. फ्लोरिडाला माझ्या बहिणीशेजारी घर रिकामं आहे. आणि तो बुचडेवाला काल परत येऊन गेला."

बुचडेवाला म्हणजे डोक्यावर केसांचा बुचडा बांधणारा एक गृहस्थ. माझ्या दुकानाच्या जागी त्याला वाफेच्या सिगारेटींचं दुकान काढायचं होतं.

"काय म्हणाला?"

"भिंती मोजल्या. म्हणाला, जळक्या रबराचा वास येतो, पण जाईल."

"माझ्या दुकानाला वास येतो?"

"दुकानाला कमी. तुला जास्त."

एकतीस वर्षांच्या त्या दुकानात मी धुरासाठी जागा करून देणार? माझा हात लोण्याच्या सुरीवर थांबला आणि तोंडातून निघून गेलं, "मी पिस्तूल घेतो. मग तर झालं?"

"तू?" नेल्डा म्हणाली. "तुला माशी मारता येत नाही. परवा तू पंख्याला मारलंस."

पण बुचडेवाल्याला तिने महिनाभर थांबवलं. एवढं तरी मिळालं.

पुढे जाण्याआधी माझ्या धंद्यातली एक युक्ती सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच फिरलं. घेतलेलं यंत्र गिऱ्हाईक परत घेऊन आलं की वाद घालायचा नाही. हसायचं. यंत्राची वायर सॉकेटात घालायची आणि चार माणसांसमोर ते झकास चालवून दाखवायचं. मग आवाज खाली आणून मायेने म्हणायचं, "यंत्रात दोष नाही बाई. हाताचा प्रश्न आहे." माणूस इतका ओशाळतो की यंत्र तर नेतोच, वर सुयांचं पाकीटही घेऊन जातो. ओपल स्टॉकर्डबाईंनी, वय एकोणऐंशी, शिलाई मशीन तीनदा परत आणलं. तिन्ही वेळा मी सगळ्यांसमोर रुमालाच्या कडा शिवून दाखवल्या. तिसऱ्या वेळी जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "व्हर्लिन, देव बघतोय हो." मी हसलो होतो.

तर मी रॉयसच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. मनात एकच, मला कोण काय विकणार! रॉयसने काहीही विकलं नाही. त्याने पिस्तूल माझ्या तळहातावर ठेवलं आणि गप्प बसला. (ही युक्ती मी स्वतः एकतीस वर्षं वापरतोय. तरी लागू पडली.) फॉर्म भरला, त्याने कुठेतरी फोन करून माझं नाव तपासलं, आणि थोड्या वेळाने मी पिस्तूल, कानांवरची टोपणं, डोळ्यांवरचा चष्मा आणि एक जाडजूड कातडी पट्टा घेऊन उभा होतो. (पुढच्या रविवारी हा पट्टा घरी राहिला. साध्या पट्ट्यावर पिस्तूल लावलं तर पँट काय करते, ते आमच्या चर्चमधल्या तिसऱ्या रांगेला विचारा. माझ्या हातात तेव्हा दानाची थाळी होती.) भिंतीवर पाटी होती: 'विकलेलं हत्यार परत घेतलं जाणार नाही.' काय सुरेख पाटी, असं मला वाटलंसुद्धा.

"पण साहेब, लगेच भरवसा टाकू नका हं," रॉयस म्हणाला. "आधी रुळवा त्याला. पाचशे गोळ्या."

"पाचशे?"

"नवे बूट सुरुवातीला चावतात ना? तसंच."

दुकानामागेच त्याची नेमबाजीची रेंज आहे. तिथे कागदी माणसासमोर उभा राहिलो. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसरीला खट्ट! रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या खिडकीत अडकून धुराड्यासारखी उभी राहिली. काढली. पुढच्याच गोळीला पुन्हा धुराडं. पन्नास गोळ्यांत एकोणीस वेळा. कागदी माणूस मजेत होता.

मी काउंटरवर गेलो. चेहरा कसा झाला होता ते मला आरशाशिवाय ठाऊक होतं, कारण तोच चेहरा मी रोज काउंटरच्या दुसऱ्या बाजूने बघतो. रॉयस हसला. पिस्तूल घेतलं, चार माणसांसमोर सलग दहा गोळ्या लोण्यासारख्या झाडल्या, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पिस्तुलात दोष नाही साहेब. मनगटाचा प्रश्न आहे."

गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग झटक्याने मागे जातो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. त्यासाठी खालचा हात खांबासारखा घट्ट हवा. मनगटच मागे गेलं तर झटका वाया जातो आणि पुंगळी अडकते. थोडक्यात, हे यंत्र कणखर माणसाच्या हातात चालतं. माझ्या हातात त्याला धीर येत नाही.

"व्यायाम करा," रॉयस म्हणाला. "जड काहीतरी हात लांब करून धरायचं. रोज."

आमच्या घरात जड अशी एकच वस्तू. नेल्डाच्या आजीचा बिडाचा तवा, खोलगट आणि दांड्याचा.

त्या तव्यात तीन पिढ्यांचा मक्याचा ब्रेड भाजला गेला होता. काळाभोर, आरशासारखा. त्याला साबण लावायचा नाही. (मी लग्नानंतर एकदा लावला होता. आठवडाभर चर्चमध्ये जेवत होतो.) भाजलेला ब्रेड त्या तव्यातून एका झटक्यात निघायचा. नेल्डा भरला तवा एका हाताने उचलायची, ताटलीवर पालथा करायची, आणि चंद्रासारखा अख्खा ब्रेड खाली. चाळीस वर्षं मी ते बघतोय आणि माझं लक्ष नेहमी ब्रेडकडे असायचं.

मी सिमेंटच्या ओसरीवर उभा राहून, एक डोळा मिटून, तवा टपालाच्या पेटीवर रोखायला लागलो. पहिल्या दिवशी टपालवाली बाई आली, तिने मला बघितलं आणि पुढचे तीन दिवस आमची पत्रं शेजाऱ्यांकडे टाकली. चौथ्या दिवशी मी साठपर्यंत मोजायचं ठरवलं. अठ्ठावन्नला मनगट गेलं.

बिडाचा तवा सिमेंटवर पडून फुटतो तेव्हा कसा आवाज होतो ते सांगत नाही. तुम्हाला तो ऐकायची वेळ न येवो. सरळ दोन तुकडे.

नेल्डा बाहेर आली. ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते. तिने दोन्ही तुकडे पदराने पुसावे तसे आपल्या एप्रनने पुसले, टॉवेलात गुंडाळले आणि पलंगावर नेऊन ठेवले. माझ्या बाजूला.

"वादळात घराचं छप्पर उडालं, तेव्हा माझी आजी हा तवा छातीशी धरून तळघरात उतरली होती," ती म्हणाली. "छप्पर गेलं, कोंबड्या गेल्या. तवा नाही फुटला."

"नेल्डा, ते मनगट जरा…"

"शनिवारी," ती म्हणाली. "माझ्यासमोर. एक अख्खं खोकं, पन्नास गोळ्या, एकदाही न अडकता. जमलं तर मी फ्लोरिडाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर तिथल्या तिथे सही. बुचडेवाल्याला मी बोलावलंय."

शनिवारी रेंजवर रॉयस होता, नेल्डा होती, बगलेत कागद धरून बुचडेवाला होता. आणि शेजारच्या जागेवर, कानांना गुलाबी टोपणं लावून, ओपल स्टॉकर्डबाई होत्या. त्या म्हणे दर शनिवारी येतात. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

पिस्तुलात एका वेळी दहा गोळ्या बसतात. पहिल्या दहा सुटल्या. अडकलं नाही! वीस झाल्या. तीस झाल्या. हात भाजल्यासारखा दुखत होता, पण मी मनगट दगडासारखं धरलं होतं. चाळीसच्या पुढे रॉयस मोठ्याने मोजायला लागला. पंचेचाळीस. शेहेचाळीस. बुचडेवाला कागदांची घडी घालायला लागला. ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि तिथेच चुकलो. त्याला निरोप देताना काय बोलायचं, ते मी मनात जुळवायला लागलो. काहीतरी मायेचं, आवाज खाली आणून. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.

खट्ट. धुराडं.

"पिस्तुलातच दोष आहे!" मी ओरडलो. "हे पहिल्यापासून असंच आहे! मी नीटच धरलं होतं! हे परत घ्या!" एकतीस वर्षांत ऐकलेली सगळी वाक्यं ओळीने माझ्याच तोंडातून निघाली.

ओपलबाईंनी आपलं पिस्तूल खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि आल्या. "बघू रे." दोन बोटांनी पुंगळी काढली. रॉयसने दहा गोळ्या भरून दिल्या. दहाही कागदी माणसाच्या छातीत, एका रुमालात मावतील अशा. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"यंत्रात दोष नाही, व्हर्लिन," त्या अतिशय मायेने म्हणाल्या. "हाताचा प्रश्न आहे."

"ओपलबाई, चार माणसांत…"

"चार वर्षं वाट बघितली रे मी. रोज प्रार्थनेत होतं."

बुचडेवाल्याने पेनाचं टोपण काढलं आणि ते माझ्यापुढे धरलं. मी घेतलंही. त्या क्षणी मला दुकानातले ते बेचाळीस व्हॅक्यूम क्लीनर दिसले, कोणालाच नको असलेले. आता त्रेचाळिसावा मी.

"थांबा जरा," नेल्डा म्हणाली. "मला दे ते."

"पेन?"

"पिस्तूल."

तिने आयुष्यात कधी ते हातात धरलं नव्हतं. रॉयसने पाय कसे ठेवायचे, बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. तिने हात लांब केला आणि मग रॉयस गोळ्या भरून देईल तेवढ्यापुरतीच थांबली. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. एकदाही खट्ट नाही. पुंगळ्या अशा उडत होत्या जशा तिच्या तव्यातल्या लाह्या. कागदी माणसाचं पोट उरलं नव्हतं.

"बाईंचं मनगट बघा!" रॉयस म्हणाला. "असं मनगट येतं कुठून?"

ते कुठून येतं ते मला माहीत होतं. ते टॉवेलात गुंडाळून दोन तुकड्यांत माझ्या उशीशेजारी पडलं होतं.

नेल्डाने बुचडेवाल्याकडे बघितलं. "पेन आत ठेवा. दुकान विकायचं नाही. मला आता त्या दाराच्या घंटेची भीती वाटत नाही."

मला रडूच आलं. "नेल्डा!" म्हणत मी मिठी मारायला धावलो.

"लांब हो," ती म्हणाली. "गरम आहे अजून."

तर दुकान राहिलं. फक्त आता त्यात मी नाही. पुढच्या काउंटरवर सोमवार ते शनिवार नेल्डा बसते. पिस्तूल तिच्या कमरेला आहे आणि तो जाड पट्टाही. धंदा बरा चाललाय. विक्री पूर्वीइतकीच आहे, पण घेतलेलं यंत्र परत घेऊन यायचं धाडस आता गावात कोणी करत नाही.

मी घरी असतो. नेल्डाने नवा बिडाचा तवा आणलाय, आणि तो फोडणाऱ्यानेच रुळवायचा असा हुकूम आहे. मक्याचे पाचशे ब्रेड. आजवर अडतीस झाले. अडतीसही चिकटले. अर्धा ब्रेड ताटलीत, अर्धा तव्यात, आणि तो खरवडून खातो मी.

काल शेवटी तवा घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, यात खोट आहे, परत घ्या. दुकानदार हसला. माझ्याच तव्यात त्याने चार गिऱ्हाइकांसमोर एक अंडं फोडलं, तळलं, आणि मनगटाच्या एका झटक्यात अलगद ताटलीत सरकवलं. मग आवाज खाली आणण्यासाठी घसा साफ केला.

"राहू द्या," मी म्हटलं. "मला पाठ आहे."