आरशावरील पहिला क्रमांक

अवजड गटातील मुष्टियुद्धाच्या दोन जगज्जेत्यांपैकी अधिक थोर कोण, या प्रश्नाचा आणि त्यापायी एका मुलीचे लग्न आत्याविना लागण्याची वेळ कशी आली याचा निःपक्षपाती वृत्तांत येथे सादर होत आहे. ज्याने जन्मात एकही ठोसा खाल्लेला नाही, तोच ठोशाचे मूल्यमापन शांत डोक्याने करू शकतो, हे सर्वमान्य आहे. (खाल्लेल्याचेही डोके शांत असते, परंतु ते मूल्यमापनाच्या कामी येत नाही.)

हे मूल्यमापन केशकर्तनालयाच्या बाकावर आम्हा रोजच्या बसणाऱ्यांत चाले व निकाल मोठ्या आरशाच्या मधोमध साबणाने लिहिला जाई. त्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा दिसत नसे. कान मात्र दिसत, आणि कापण्यापुरते तेवढे पुरेसे होते.

शेजारचा शिंपी हा केशकर्तनकाराच्या पत्नीचा धाकटा भाऊ. लढतीपूर्वी दोन्ही वीरांची मापे टेपने घेतली जातात, सबब हा विषय मूलतः शिवणकामाचा आहे, असे त्याचे मत होते. म्हणून त्याचा कौल ‘लांबहात्या’ला. केशकर्तनकाराच्या हाताखालून रोज वीसेक जबडे जात, त्यामुळे त्याचा कौल ‘ऐरण’ला, ज्याची हनुवटी कधी हलली नाही. दोघा वीरांत तीन लढती झाल्या. एकेक प्रत्येकाने जिंकली आणि तिसरी बरोबरीत सुटली, म्हणजे सुटलीच नाही.

एके सकाळी केशकर्तनकार गरम पाणी आणायला आत गेला असता शिंप्याने आरशावरच्या ‘१’ या आकड्यापुढचे ‘ऐरण’ पुसून ‘लांबहात्या’ लिहिले.

“मेव्हणे, आरसा माझा आहे.”

“आरसा तुमचाच, दाजी. पण तुमच्या ऐरणीची बाही अर्धी वीत आखूड पडते, त्याला मी काय करू?”

“लांब बाही घालून माणूस आडवा झाला, तर चादरीचं काम होतं, एवढंच.”

त्या दिवसापासून शिंप्याचे केस कापले गेले नाहीत व केशकर्तनकाराच्या डगल्याला गुंडी लागली नाही. शिंप्याने डोके खाजवले की टाचण्या सापडत. केशकर्तनकार डगला सुतळीने बांधू लागला. दोघांनीही हा आपला विजय मानला.

इतक्यात शिंप्याच्या मुलीचे लग्न तोंडावर आले. केशकर्तनकाराने निरोप धाडला, की ऐरणीचे नाव पूर्ववत झाल्याखेरीज तो येणार नाही, पत्नीही येणार नाही. मुलगी तर आईमागे त्याच आत्याच्या हाताखाली वाढलेली.

“बाबा, आत्या नसेल तर मी उभीच राहणार नाही. ते दोघे तुमचे कोण लागतात हो?”

बहिणीसाठी शिवलेल्या पोलक्याला शिंपी इस्त्री करीत राहिला. ते त्याने माप न घेता, आठवणीवर शिवले होते. त्याच्या धंद्यात टेपशिवाय झालेले हे एकमेव काम. आता ते घालणार कोण, हा विचार येताच त्याने इस्त्री बाजूला ठेवली, आणि पोलके गुंडाळायला म्हणून हाती घेतलेल्या वर्तमानपत्रातच त्याला ते छायाचित्र दिसले. वर्तमानपत्र घेऊन तो शेजारी गेला.

छायाचित्रात दोन म्हातारे. ऐरणीची बोटे थरथरतात, म्हणून लांबहात्या त्याच्या कोटाच्या गुंड्या लावून देत होता. थोर कोण, असे बातमीदाराने विचारता दोघे म्हणाले होते, “आता कुणाला आठवतंय.”

“बघितलंत, दाजी?”

“बघितलं. लाज सोडली दोघांनी.”

“आपण यांच्यापायी घरं तोडायची, आणि हे गुंड्या लावतायत.”

बाकाने तत्काळ बैठक घेतली. दोन्ही वीरांचा प्रकरणात वैयक्तिक संबंध आहे, दोघांनी ठोसे खाल्ले आहेत, आणि दोघेही या बाकावर कधी बसलेले नाहीत. सबब त्यांचे मत फेटाळून दोघांनाही क्रमवारीतून वगळण्यात आले. शिंपी व केशकर्तनकार यांचे हात प्रथमच एकाच वेळी वर गेले.

“बसा खुर्चीत,” केशकर्तनकार म्हणाला. “हे असलं डोकं घेऊन मुलगी देणार होतात?”

“आधी ती सुतळी सोडा. गुंडी आणलीय.”

लग्नाला आत्या आली. पोलके कमरेत अंमळ घट्ट झाले, पण तिने ते दिवसभर उतरवले नाही. (टेप वापरायला हवी होती, असे केशकर्तनकार हळूच म्हणाला, त्यावर नवा वाद सुरू आहे.)

आरशावरील नावे ओल्या फडक्याने पुसली गेली. ‘१’ हा आकडा जुन्या साबणाचा असल्याने निघाला नाही. हल्ली जो खुर्चीत बसतो, त्याला त्या आकड्यापुढे बरोबर स्वतःचाच चेहरा दिसतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाने हरकत घेतलेली नाही. वाचकांनी एकदा येऊन बसावे. आपणही हरकत घेणार नाही.

येथवर सोबत केल्याबद्दल आभारी आहे.

आपला नम्र,
चावीवाले अण्णा
(बाकाचे डावे टोक)