केळुसकरांसमोर बेडलम

अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँडमध्ये केळुसकरांसमोर ‘बेडलम’ म्हणायची चोरी होती. एरवी हा निवृत्त इंजिनिअर कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मंडळाच्या गणपतीत माझी नात शर्वरी म्हणाली, “काका, किचनमध्ये टोटल बेडलम आहे!” झालं. केळुसकरांनी तिला दहीवड्यांच्या ट्रेसकट थांबवलं.

“शब्द वापरलास ना? मग ऐक. लंडनला बेथलेहेम नावाचं वेड्यांचं इस्पितळ होतं. लोकांच्या तोंडी त्याचं झालं बेडलम. लोक तिथे पेशंट बघायला जायचे, सहलीला जावं तसे. पुढे शब्दात उरला नुसता गोंधळ. आतली माणसं कुठे गेली?”

“काका, आय जस्ट नीड अ स्पून,” शर्वरी रडकुंडीला आली.

बारशाला बाळं रडली तरी हेच व्याख्यान. आम्ही चक्रावून जायचो. या माणसाचा राग आहे कुणावर? लंडनवर, की आमच्यावर?

त्या गणपतीच्या दिवशी माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, “केळुसकरांचं ठाण्याचं तिकीट काढा रे कुणीतरी!” हॉल खदखदून हसला. केळुसकर बूट घालून निघून गेले.

मी मंडळाचा सेक्रेटरी. सभासदांच्या यादीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, ‘स्वेच्छेने सोडलं.’ ते खोटं आहे. त्यांनी काही सोडलं नव्हतं. मीच त्यांना आमंत्रणं पाठवणं बंद केलं. सहा वर्षं.

आता मी ब्याऐंशीचा आहे. गेल्या शनिवारी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं. टेबलावर फोन, स्पीकर चालू. पलीकडे भांडी आदळत होती, कुणी आरती म्हणत होतं, कुणी शिव्या घालत होतं.

“ठाण्याचं इस्पितळ,” ते हळूच म्हणाले. “तिथे संध्याकाळ आहे आता. माझी धाकटी बहीण आहे तिथे, शालू. सिस्टर शनिवारी जेवणाच्या वेळी फोन चालू ठेवतात.”

“यातला तिचा आवाज कुठला?”

“ती बोलत नाही हो. बरीच वर्षं झाली. पण जेवायला बसली असेल ना.”

“केळुसकर, मी तेव्हा माईकवरून जे…”

“शू!”

त्या गलक्यात कुणीतरी ताटावर चमचा वाजवला. टण, टण, टण.

केळुसकरांनी टेबलावर बोटाने तीनदा तसंच वाजवलं.

“तिचाच असेल,” ते म्हणाले, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.