चांदणीच्या पेशी

"काकी, दूध तापवायचं नाही. गोठवायचं नाही. काढलं की थेट बर्फाच्या डब्यात, बस्स!" मेघनाने निर्मळ गावच्या जयवंतीकाकीला पुन्हा एकदा बजावलं.

न बजावून सांगते कुणाला! पहिल्या खेपेला काकीने दूध चांगलं उकळून, वर साय धरवून दिलं होतं. का, तर "पोरीच्या हातात कच्चं दूध कसं देऊ?" दुसऱ्या खेपेला कच्चंच दिलं, पण नासू नये म्हणून फ्रीजरमध्ये ठेवून, पार दगड करून. मेघनाला हव्या होत्या दुधातल्या जिवंत पेशी. एकेक पेशी वेगळी काढायची आणि तिच्यात कोणती जनुकं कामाला लागलीयत, कोणती नुसती बसून आहेत ते बघायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. उकळलं की पेशी मेल्या, गोठवलं की फुटल्या. तिच्या गाइड मॅडमनी तर निर्वाणीचं सांगितलं होतं, आता गाईच्या धड पेशी आल्या नाहीत तर विषय बदला. म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात!

म्हणून आज ती स्वतःच विरारहून स्कूटर हाणत आली होती.

"मी गोठ्यात उभी राहते."

"अजिबात नको. परकं माणूस दिसलं की चांदणी पान्हा चोरते."

"मी परकी?"

"मला नाहीस गं. तिला आहेस."

झालं! मेघना ओटीवर बसून राहिली. हरिकाकांनी दोनदा चहा पाजला, केळीच्या बागेची सगळी रड ऐकवली, तरी काकीचा पत्ता नाही. एकदाची ती धापा टाकत मागच्या दाराने आली, हातात काठोकाठ भरलेला तांब्या. कच्चं, कोमट, फेसाळ दूध! मेघनाला काकीचा मुकाच घ्यावासा वाटला.

आठवड्याभराने मॅडमचा फोन आला. "मेघना, पेशी छान आहेत. बहुतेक सगळ्या जिवंत."

मेघनाने देवाला हात जोडले.

"पण निम्म्या म्हशीच्या आहेत. आणि काही शेळीच्या."

मेघनाने लगेच काकीला फोन लावला. "काकी, चांदणीत म्हैस कुठून आली?"

"अगं, त्या मेल्या वासराने दावं सोडवून अर्धं दूध पिऊन टाकलं. माहेरवाशिणीला काय अर्धा तांब्या देऊन पाठवू? शेजारच्या प्रितेशच्या म्हशीचं वर भरलं. माझ्यासमोर किटलीतनं ओतून दिलंन्. तुझा एकूण एक नियम पाळला हो मी!"

"मला चार चमचे पुरले असते गं काकी!" मेघना रडकुंडीला आली. "आणि शेळी?"

"कसली शेळी?"

"निघालीय ना त्या दुधात."

मग काकी फोन हातात धरूनच ओरडली, "अहो, ऐकलंत का? प्रितेशच्या म्हशीच्या दुधात शेळी निघाली!"

रविवारी मेघना नवं दूध न्यायला आली, तर ओटीवर अर्धी आळी जमलेली. बायकांच्या हातात तांबे, बरण्या, किटल्या. "आमच्याही दूधवाल्याचं बघ गं जरा," जी ती सांगत होती. प्रितेश तेवढा कुठे दिसत नव्हता.

मेघनाने कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने मॅडमना फोन केला.

"मॅडम, विषय बदलला. पण टेम्पो पाठवाल का? स्कूटरवर मावत नाहीये."