पायपेटीचं आमेन

"या देवळात ज्या दिवशी तबला वाजन, त्या दिवशी मी या पायपेटीवरून उठीन आन् पायी पायी कामठीले चालला जाईन! सांगून ठेवतो!"

वामनमास्तरांनी ही प्रतिज्ञा मंडळीच्या भर बैठकीत केली, तीही छातीवर हात ठेवून. कामठीला जाऊन पुढे काय करायचं, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पण तो काळच तसा होता बघा. नागपूर अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं, स्वराज्य कोरं करकरीत होतं, आणि जो तो उठून प्रतिज्ञा करत होता!

लकडगंजच्या मागचं ते लूथरन ख्रिस्ती लोकांचं देऊळ तुम्ही पाहिलं नसेल. एवढंसं देऊळ, पण त्याचं छप्पर काय उभं! बांधणारे साहेब स्वीडनचे. त्यांच्या मुलखात बर्फ पडतो, तो घसरून खाली यावा म्हणून छपराला तेवढा उतार. आता नागपुरात कुठला आलाय बर्फ? उलट दर पावसाळ्यात कौलंच घसरून खाली यायची. तरी कोणी म्हटलं, की उतार जरा कमी करू, तर मास्तर चष्म्यावरून बघत आणि विचारत, "आन् पडला बर्फ तर?"

असे आमचे वामनमास्तर. मिशनच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी देवळात पायपेटी वाजवायचे. ही पेटी मिशनच्या स्वीडिश मिसबाईंनी मायदेशी परत जाताना मास्तरांच्या हवाली केली होती. "वामन, हिला सांभाळ," एवढंच म्हणाल्या आणि टांग्यात बसल्या. त्या दिवसापासून मास्तरांनी पेटीला जे जपलं, ते पोटच्या पोराला काय जपतील! पायांनी भाता हाणायचा, हातांनी सूर धरायचे, आणि मान मिसबाईंसारखी किंचित डावीकडे.

आणि शिस्त! गीत सुरू झालं की सगळ्यांनी उभं राहायचं. गीत संपलं की पेटीवर 'आमेन' वाजायचं, लांब, भरदार, तीनदा. ते संपलं की बसायचं. त्याआधी बूड टेकवायचं नाही! एकदा बिचाऱ्या रुपरावांनी दुसऱ्या आमेनला बैठक मारली, तर मास्तरांनी पेटी थांबवून सगळ्या मंडळीदेखत त्यांना पुन्हा उभं केलं होतं. रुपराव पोलिसात हवालदार. पण तेव्हापासून मास्तरांना सलाम ठोकूनच देवळात शिरायचे.

भांडण लावलं ते देवळाच्या नव्या पाळकांनी, पाद्री गणपतरावांनी. माणूस भला, पण तरणाबांड. म्हणाले, "आपल्या लोकाइले आपल्या चालीत गाऊ द्या. तबला आणा, झांजा आणा. बाकं काढा, सतरंजी अंथरा. आपला पंथ काढणाऱ्या लूथरसाहेबानं तरी का सांगितलं? लोकाइच्या भाषेत गा म्हणून!"

मास्तर कडाडले, "लूथरसाहेब सतरंजीवर बसत होते काय?"

झालं! मंडळीचे दोन तट पडले. इकडे बाकवाले, तिकडे सतरंजीवाले. बाकवाल्यांचे पुढारी मास्तर, आणि सतरंजीवाल्यांचा पुढारी कोण असावा? शालिकराम! म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा सख्खा थोरला भाऊ! गोळीबार चौकाकडे त्याचा हातमाग. दिवसभर लुगडी विणायची आणि संध्याकाळी तबला कुरवाळत बसायचं. वच्छलाबाईंचे वडील त्या मागावर बसून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या तालावर येशूची भजनं गायचे, आणि लहानगी वच्छला त्यांच्या मागे सूर धरायची. लग्न झालं आणि तिचं गाणं पेटीखाली गेलं. पेटीच्या चालीत तिचा आवाज बसेना, म्हणून ती नुसते ओठ हलवायची. मास्तरांना वाटायचं, बायको गाते आहे.

शेवटी छिंदवाड्याहून सिनॉडचे, म्हणजे सगळ्या लूथरन देवळांच्या वरच्या सभेचे, अध्यक्षसाहेब येऊन निकाल देणार, असं ठरलं. रविवारी उपासनेला बसतील, पेटी ऐकतील. पेटी धड असेल तर पेटी. थकली असेल तर तिला रजा, आणि तबला आत.

"थकली?" मास्तर घरी येऊन गर्जले. "अवं, माही पेटी अशी वाजन, का अध्यक्षसाहेब छिंदवाडा विसरून जातील!"

"हाव जी," वच्छलाबाई म्हणाल्या, "पण हात धुवा, भाकर थंडी होऊन राहिली."

शनिवारी मास्तर देवळात सरावाला बसले. भात्यावर पाय दिला. पेटी म्हणाली, "फुस्स!"

मास्तर टुणकन उठून पेटीमागे गेले. मागची फळी काढून बघतात, तर भात्याचं कापड बोटभर फाटलेलं! सुताराकडे धावले. तो म्हणाला, सरस लावून देतो, पण वाळायला सोमवार उजाडेल. सोमवार! तोवर पेटी रजेवर आणि मास्तर कामठीत!

मास्तर तसेच घरी आले. "अवं वच्छले, काहीतरी चिकट दे! पण बोलू नको कोठी!"

वच्छलाबाई मागच्या गल्लीतून भावाकडे गेल्या आणि वाटीभर खळ घेऊन आल्या. विणकर सुताला लावतात ती, पिठाची, घट्ट शिजवलेली. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडाही त्यांनी फाडून दिला. मास्तरांनी देवळात जाऊन ठिगळ लावलं, घरच्या चुलीतला निखारा लांबून दाखवून वाळवलं, आणि भात्यावर पाय दिला. पेटी अशी हंबरली, की बाहेर बांधलेली टांग्याची घोडी बिथरली.

"पाह्यलं?" मास्तर म्हणाले. "दिमाग लागते!"

पण मंडळी, पिठाची खळ ही खाण्याची वस्तू आहे, हे मास्तर विसरले. देवळातले उंदीर विसरले नाहीत. प्रभुभोजनाच्या भाकरीला कुलूप असायचं, त्यामुळे ते बिचारे वर्षानुवर्षं उपाशी. त्यांनी त्या शनिवारी काय प्रीतिभोजन केलं असेल, याची तुम्हीच कल्पना करा!

रविवारी देऊळ गच्च भरलं. मास्तर काळा कोट घालून दारातच उभे, येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होते. "ध्यानात ठेवा, पेटीचं आमेन होईपर्यंत कोणी बसायचं नाई! अध्यक्षसाहेबाइसमोर नाक कापू नका!"

"आन् कापलं तर?" शालिकरामनं मिशीतल्या मिशीत हसत विचारलं. त्याच्या काखेत एक गाठोडं होतं.

"त्यात का हाय गा?"

"शिदोरी हाय, जवाईबापू."

शिदोरी! डग्ग्याची कड गाठोड्यातून डोकावत होती. पण तेवढ्यात अध्यक्षसाहेब आले आणि मास्तरांना पेटीकडे पळावं लागलं.

उपदेशाच्या आधीचं गीत सुरू झालं. पेटी गाजत होती, मान डावीकडे होती, अध्यक्षसाहेब डोळे मिटून डोलत होते. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ आली. मास्तरांनी आमेनसाठी जोर लावून भाता दाबला, आणि आतून असा काही आवाज आला, की पुढच्या बाकावरच्या प्रयागबाईंनी रागानं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं.

मग शांतता. मास्तर पाय मारताहेत, मारताहेत! पट्ट्या दाबताहेत! पेटीतून एक अर्धा कुरतडलेला लुगड्याचा तुकडा तेवढा बाहेर आला.

आमेन नाही. आणि आमेन नाही, तर बसायचं कसं?

सगळी मंडळी उभी. रुपराव तर सावधानमध्ये उभे! अध्यक्षसाहेबांनी डोळे उघडले, क्षणभर थांबले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "प्रियजनहो," ते गहिवरून म्हणाले, "देवाचं वचन उभं राहून ऐकणारी मंडळी मी आज पहिल्यांदा पाहिली!" आणि त्यांनी उपदेश सुरू केला.

मास्तरांना घाम फुटला. त्यांनी गुडघे टेकून पेटीच्या मागे हात घातला. लोकांना वाटलं, मास्तर प्रार्थनेला लागले. मागच्या दोन-चार भाविकांनीही धपाधप गुडघे टेकले. हे बघून मास्तरांनी घाईघाईनं पालथा पंजा खाली-खाली दाबत खूण केली, बसा, बसा! पण गायनाच्या तालमीत त्याच खुणेचा अर्थ त्यांनी शिकवला होता, आवाज हळू! लोकांनी खोकणंही बंद केलं. पोरांची तोंडं दाबली. देवळात अशी सामसूम झाली, की अध्यक्षसाहेबांना आणखी चेव आला. त्यांच्या हयातीत एकही माणूस न झोपलेला हा पहिलाच उपदेश! त्यांनी प्रेषित पौलाला जहाजात बसवलं, समुद्रात बुडवलं, बाहेर काढलं आणि पुन्हा जहाजात बसवलं.

"मास्तर," रुपराव ओठ न हलवता पुटपुटले, "पाय सुजून राहिले न गा!"

मास्तरांना एकच शब्द बोलायचा होता. 'बसा!' पण तो बोलला, की पेटी मेली हे जाहीर झालं. मिसबाईंची पेटी! 'वामन, हिला सांभाळ.' त्यांनी पुन्हा पेटीमागे हात घातला. तिकडे पौल तिसऱ्यांदा बंदर सोडत होता, आणि प्रयागबाई उन्हाळ्यातल्या अळूच्या पानासारख्या एका बाजूला कलत चालल्या होत्या.

मास्तरांनी हताश होऊन बायकोकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी त्यांच्या हातातला तो लुगड्याचा तुकडा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी पदर खोचला. अध्यक्षसाहेबांनी श्वास घ्यायला जेवढी उसंत घेतली, तेवढ्यात त्यांनी सूर लावला.

"आ... मेन..."

पेटीचं आमेन नव्हतं ते. बापाच्या मागावरचं होतं. धोटा इकडून तिकडे जावा तसा सूर जायचा आणि वळून यायचा. शालिकरामनं शिदोरी सोडली, आणि दुसऱ्या आमेनला तबल्यावर थाप पडली. मग एकेक म्हातारा गळा जागा झाला. या सगळ्यांचे आईबाप कधीतरी असंच गात होते, आणि सगळ्यांना ते पाठ होतं. तिसऱ्या आमेनला अख्खी मंडळी एकदम बाकांवर कोसळली. रुपरावांचं बाक मोडलं, पण ते मोडक्या बाकावरही समाधानानं बसून राहिले.

मास्तर मात्र गुडघ्यांवरच होते. त्यांचाही बाप विणकरच होता, पाचपावलीतला. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात खटक-खटक यायचं, आणि त्यात बापाचा घोगरा आवाज. किती वर्षांत आठवला नव्हता! आणि वच्छला अशी गाते? इतकी वर्षं आपल्याशेजारी राहून ही गप्प होती? मास्तरांना भडभडून आलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, ते नेमके त्या खळ लागलेल्या तुकड्यानं, आणि डोळे चिकटले.

ते चिकटलेले, गळणारे डोळे अध्यक्षसाहेबांनी पाहिले आणि त्यांचाही बांध फुटला.

"पाहा हा त्याग!" ते म्हणाले. "ज्या मास्तरांची पेटीसाठी एवढी प्रतिज्ञा, त्यांनी शांतीसाठी स्वतः पेटी थांबवली, आणि गुडघे टेकून भजनाला जागा करून दिली!"

"मी? नाई जी, ते उंदरं..." मास्तर म्हणाले. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

निकाल लागला. पेटीही राहील, तबलाही राहील. आणि जी मंडळी एवढा वेळ उभी राहू शकते, तिला बाकांची गरजच काय? बाकं छिंदवाड्याच्या बोर्डिंगातल्या पोरांना पाठवा! इथे सतरंजी पुरे! ज्या बाकांसाठी मास्तर जिवाचं रान करत होते, ती त्याच आठवड्यात बैलगाडीत चढली. रुपरावांचं मोडकं बाक तेवढं मागे राहिलं.

"मंग जवाईबापू," शालिकरामनं सतरंजी अंथरताना विचारलं, "कामठीले कधी निघता?"

"ऊन उतरू दे गा," मास्तर म्हणाले.

पेटीला चामड्याचा नवा भाता बसला. तो शालिकरामनंच चांभाराकडून बसवून आणला, बरं का! पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा मान डावीकडे करून बसले. गीत झालं. त्यांनी आमेन वाजवलं, लांब, भरदार, तीनदा. मिसबाई असत्या तर खूश झाल्या असत्या.

कोणी बसलं नाही.

मास्तरांनी वळून पाहिलं. सगळी मंडळी, पाळक गणपतरावांसकट, उभी राहून वच्छलाबाईंकडे बघत होती. वच्छलाबाईंनी सावकाश पदर सारखा केला, डोळे मिटले आणि आमेन धरलं. ते संपलं, तेव्हा सगळे सतरंजीवर बसले.

मास्तर पेटीच्या स्टुलावर आधीपासून बसलेलेच होते. पण तेही गुपचूप उठले, आणि पुन्हा बसले. उगाच घरी गेल्यावर बोलणी कोण खाईल!